टर्बोशेजारचा लाल नाडा

दिनांक ५/१०/२०२५

नाव : राजरत्न शंकर भालेराव, वय ५१ वर्षे, शिक्षण एम. ए. (इतिहास), धंदा मोटार दुरुस्ती, राहणार अंबरनाथ पश्चिम.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आई जनाबाई व पत्नी माया यांच्यासह राहतो. उल्हासनगर कॅम्प ५ येथे माझे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज आहे. गॅरेज मागच्या आवारात असून पुढे रस्त्याला लागून हरेश तलरेजा यांचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. दुकान व आवार दोन्ही त्यांच्याच मालकीचे. मी भाडेकरू आहे, परंतु आमचे वागणे घरमालक-भाडेकरूसारखे नव्हते. मी त्यांना हरेश म्हणत असे व ते मला रतनभाऊ म्हणत. या जबाबातही मी हरेश असेच म्हणणार आहे.

माझ्याकडे किसन भोईर हा कारागीर काम करतो. या घटनेबाबत चौकशीसाठी त्याला काल घरून आणले आहे आणि त्याच्यावर हयगयीचा गुन्हा दाखल होणार आहे असे मला समजले. म्हणून मी बोलावणे येण्याची वाट न पाहता आज स्वतःहून आलो आहे.

माझ्या गॅरेजमध्ये मुख्यतः जुन्या गाड्यांना बाहेरचे पार्ट बसवले जातात. बाहेरचा पार्ट म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नसलेला, पण त्याच मापाचा म्हणून दुसऱ्याने बनवलेला पार्ट. बाहेरचा पार्ट म्हणजे खोटा पार्ट, असे आज मला येथे एका हवालदारसाहेबांनी ऐकवले. ते बरोबर नाही. त्यावर मी जे बोललो ते जबाबाचा भाग होत नाही असे तपास अधिकारी सहायक निरीक्षक संजीवनी राणे मॅडम यांनी सांगितले, म्हणून ते सोडून देतो. कामाचे तेवढे सांगतो. बाहेरच्या पार्टचे माप मूळ पार्टशी जवळजवळ जुळते. या 'जवळजवळ'मध्येच सगळी जोखीम आहे. पार्ट स्वतःच्या जागी नीट बसतो, पण त्याचा एखादा कान, म्हणजे बाहेर आलेली कड, बोटभर पुढे येतो आणि शेजारच्या नळीला, वायरीला किंवा पत्र्याला लागतो. लागलेले लगेच कळत नाही. इंजिन हलते, घासत राहते, तापते. म्हणून आमच्याकडे पार्ट बसवण्याआधी त्याचे शेजारी बघायचे, हा नियम आहे. जे आड येते ते ओढायचे नाही, वाकवायचे नाही. त्याची क्लिप सोडून ते अलगद बाजूला घ्यायचे, काम झाले की पुन्हा मूळ जागी बसवायचे.

बाजूला घेतलेली वस्तू विसरू नये म्हणून तिला लाल नाडा बांधायचा, ही पद्धत माझ्या गॅरेजात मी सुरू केली. पूर्वी आम्ही काळ्या प्लास्टिकची पट्टी वापरत असू. ती काळ्या इंजिनात दिसत नाही आणि एकदा राहिली की आतच राहते. लाल सुती नाडा दिसतो, नळीला ओरखडा पाडत नाही आणि हाताने सुटतो. तो कोपऱ्यावरच्या पूजासाहित्याच्या दुकानातून येतो, कारण दुसरीकडे तसला दोरा मिळत नाही. माझ्या दृष्टीने तो दोरा आहे. बॉनेटखाली लाल दिसते तोवर काम पुरे झालेले नाही आणि गाडी सुरू करायची नाही, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाइकाला गाडी देताना बॉनेट उघडून ही शेवटची तपासणी केल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही.

हा अर्थ मला व किसनला माहीत होता. हरेशला माहीत होता का, असे मॅडमनी विचारले. त्याचे उत्तर असे की, नाडा सुटल्याशिवाय गाडी मागच्या आवारातून पुढे येत नाही, त्यामुळे नाडा बांधलेले इंजिन हरेशच्या पाहण्यात येण्याचे कारण नव्हते. मी किंवा किसनने त्याला हे कधी सांगितलेले नाही. माझ्या गॅरेजच्या भिंतींवर बरेच काही लिहिलेले आहे, ते पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी वाचले आहे. हे त्यात लिहिलेले नाही.

गाडीबाबत सांगतो की, श्री. देवदत्त चिंतामणी कर्णिक, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, हे एका कारखान्यात अधिकारी आहेत. त्यांची जुनी डिझेल गाडी चढावर दम टाकत होती. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो गेला होता. कंपनीचा टर्बो मिळण्यास वेळ लागणार असल्याने त्यांनी बाहेरचा बसवण्यास सांगितले व तो हरेशच्या दुकानातून घेतला. टर्बो चांगला होता. आजही मी तेच सांगेन.

दिनांक १ ऑक्टोबर रोजी किसनने टर्बो बसवला. तो मी स्वतः पाहिला. टर्बोच्या बाजूने डिझेलची एक परतीची, म्हणजे उरलेले डिझेल टाकीकडे नेणारी, नळी जाते. नवीन टर्बोचा कान थोडा जास्त बाहेर असल्याने नळीची जुनी क्लिप तिच्या जागी बसत नव्हती. उष्णता अडवणारा पत्राही त्याच कारणाने बसत नव्हता. ओढूनताणून दोन्ही बसले असते. बरेच जण बसवतात. किसनने बसवले नाही. त्याने मला बोलावून दाखवले व म्हणाला, "भाऊ, हा बसंल, पन महिन्यानी नळी खाईल." नळी व पत्रा धरायला एक लहान ब्रॅकेट लेथवर करून घ्यायचे ठरले. लेथवाला खंडेनवमीमुळे मशीन पुजून घरी गेला होता. म्हणून किसनने नळी टर्बोपासून लांब घेऊन लाल नाड्याने वरच्या पाइपला बांधली, पत्रा काढून बाकावर ठेवला व बॉनेट बंद केले. सणानंतर ब्रॅकेट आले की काम पुरे करायचे होते.

त्याच संध्याकाळी मी श्री. कर्णिक यांना फोन करून गाडी दसऱ्याला मिळणार नाही असे कळवले. त्यांच्या आई कुमुदिनीबाई यांना दसऱ्याला दारात गाडीची पूजा करायची होती, त्यामुळे ते थोडे नाराज झाले, परंतु ठीक आहे म्हणाले. हरेशला मी वेगळे काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुकाने पूजेपुरती उघडणार होती, काम सगळ्यांचेच बंद राहणार होते.

गाडीची किल्ली हरेशच्या दुकानात होती. त्याच्या दुकानाला शटर आहे, माझ्या आवाराला नाही, म्हणून सर्व गाड्यांच्या किल्ल्या पहिल्यापासून त्याच्याकडेच टांगलेल्या असतात. मी बाहेर असलो की तयार गाडी गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवण्याचे कामही तो करत असे. त्याला गाड्या चालवायची हौस होती. त्यासाठी त्याने मला दर वेळी विचारावे असे आमच्यात ठरलेले नव्हते.

माझे व हरेशचे संबंध कसे होते, असे विचारल्यावरून सांगतो की, चांगले होते. दसऱ्यावरून मात्र दरवर्षी वाद होत असे. आमच्या ओळीतील प्रत्येक गॅरेजात त्या दिवशी पाने-हातोड्यांची पूजा होते आणि तयार गाड्यांच्या बॉनेटखाली लाल नाडा बांधतात. माझ्याकडे हे होत नाही. मी बौद्ध आहे व माझ्या मतांबद्दल जाहीरपणे बोलतो. हरेश दरवर्षी झेंडूची माळ हातात घेऊन माझ्या दाराशी येत असे व म्हणत असे, "रतनभाऊ, माळ आणली आहे, भाषण आणा." मग मी बोलत असे व तो माळ हातात धरून उभ्याने शेवटपर्यंत ऐकत असे. मध्येच कोणी गिऱ्हाईक आले तर त्याला सांगे, "बैठो साईं, अभी आधा हुआ है." शेवटी माळ स्वतःच्या शटरला लावून मिठाईचा डबा माझ्याकडे पाठवत असे. माझ्याकडून त्याच्या घरी एप्रिलमध्ये डबा जात असे. याव्यतिरिक्त आमच्यात वाद नव्हता.

दिनांक २ ऑक्टोबर रोजी विजयादशमी होती. आमच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. अंबरनाथ येथे विहारात दुपारी कार्यक्रम होता व त्यात माझे भाषण होते. व्यासपीठावर बसण्यापूर्वी मी मोबाईल आवाज बंद करून पत्नी माया हिच्याकडे दिला. ती महिलांच्या रांगेत बसली होती व मोबाईल तिच्या पिशवीत होता. भाषण ठरल्यापेक्षा लांबले. लोक उठले नाहीत. विषय काय होता असे मॅडमनी विचारले. विषय असा होता की, माणसाने खुणांच्या मागे न जाता त्यांचा अर्थ विचारावा.

भाषण संपल्यावर मायाने मोबाईल हातात दिला. त्यावर श्री. कर्णिक यांचा एक व हरेशचे काही न घेतलेले कॉल होते आणि हरेशचा आवाजातला एक निरोप होता. मी मंडपाच्या बाहेर येऊन निरोप ऐकला व लगेच हरेशला फोन लावला. त्याने उचलला नाही. मी मायाला काही न सांगता दुचाकीवरून बदलापूरच्या दिशेने निघालो. अंबरनाथ व बदलापूरच्या मधल्या रस्त्यावर गर्दी दिसली. मी तेथे जे पाहिले ते पंचनाम्यात आलेले आहे.

तेथील लोकांच्या सांगण्यावरून मला समजले की, गाडीच्या पुढच्या भागातून धूर येऊ लागल्यावर हरेशने गाडी कडेला घेतली. तो खाली उतरला. खाली उतरल्यावर तो लांब जाऊ शकत होता. तो पुढे गेला आणि त्याने बॉनेट उघडले. त्याबरोबर भडका उडाला. त्याला रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मयत झाला. त्याला कोणी भेटू शकले का, असे विचारल्यावरून सांगतो की, मी बाहेर होतो.

गाडी मी नंतर पोलिसांसमक्ष पाहिली. तज्ज्ञ काय ते सांगतील, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे गाडी चालू लागल्यावर टर्बो तापला, पत्रा नसल्याने आच थेट वर गेली, सुती नाडा जळून तुटला, नळी सुटून टर्बोवर पडली, वितळली व डिझेल टर्बोवर गळू लागले. नाड्याचा मागमूस राहिलेला नाही. क्लिप मात्र जागेवर नाही हे स्पष्ट दिसते. त्यामुळे कारागिराने नळी सुटी सोडली असा निष्कर्ष निघतो, व किसन नाडा बांधल्याचे सांगतो ते कोणास खरे वाटत नाही. तसे वाटणे स्वाभाविक आहे. जळालेली गोष्ट होती हे दाखवता येत नाही.

काल हरेशचा धाकटा भाऊ अमित माझ्या घरी आला होता. त्याने मला सांगितले की, किसनवर केस होऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. निरोपाबद्दल मी त्याला स्मशानातच सांगितले होते, आता लपवायला नको म्हणून ऐकवला. तो खाली बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे पोलिसांना देऊ नका, भाऊ. पेपरात येईल, नाडा बघून गाडी नेली. लोक हसतील त्याच्यावर. माझा भाऊ येडा नव्हता."

मी त्याला म्हणालो, "येडा नव्हता म्हणूनच देतोय."

तो चहा न घेता गेला. त्याच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.

सदर मोबाईल मी आज स्वखुशीने पोलिसांच्या ताब्यात देत आहे. निरोप मॅडमनी माझ्यासमक्ष ऐकला व तो शब्दशः पुढीलप्रमाणे उतरवून घेतला आहे :

"रतनभाऊ, हरेश बोलतोय. फोन उचलत नाही, स्टेजवर चढले वाटतं. ते कर्णिकसाहेबांचा फोन आलेला, गाडी झाली असेल तर बघा म्हणून. आई ताट घेऊन बसल्यात दारात. तर मीच नेतोय बेलवलीला, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आणि हां, बॉनेट उघडून बघितलं मी आधी, तुमच्यासारखं. सवय लावली तुम्ही. अंदर नाडा बांधलाय लाल. क्या बात है साईं. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात आणि आता गुपचूप बांधलात? कोणाला नाही बोलणार, कसम से. डबा पाठवतो संध्याकाळी. चला, भाषण छान करा."

या निरोपावरून सांगावयाचे ते असे की, किसनने नाडा बांधला होता. तो हरेशने डोळ्यांनी पाहिला. किसनने आमच्या पद्धतीप्रमाणे जे करावयास हवे होते ते सर्व केले होते व जे करावयास नको होते ते केलेले नाही. चुकीचे माप ठोकून बसवण्याऐवजी तो थांबला. त्याचा गुन्हा कोणता? हे वाक्य प्रश्न असल्याने जबाबात घेता येणार नाही असे लेखनिकाने सांगितले. मी ते ठेवण्याची विनंती केली व मॅडमनी ती मान्य केली आहे.

निरोप ऐकवण्यासाठी किसनला दुसऱ्या खोलीतून आणण्यात आले. त्याने पूर्ण ऐकला. तो म्हणाला, "नाडा मी बांधला होता. शेटला वाटलं, भाऊंनी बांधला." त्यानंतर मॅडमनी त्याला पाणी दिले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

श्री. कर्णिक यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. गाडी झाली असेल तर बघा, एवढेच ते म्हणाले होते. कुमुदिनीबाईंविरुद्ध काही म्हणणे असण्याचा प्रश्नच नाही. गाडी अर्धवट असताना तिची किल्ली जेथे टांगली गेली ती जागा मी ठरवलेली. नाडा ही खूण मी ठरवलेली. आमच्या रस्त्यावर तीच खूण दसऱ्याला नेमके उलटे सांगते, गाडी तयार आहे, न्या, असे सांगते. हे मला माहीत होते, कारण त्यावर मी दरवर्षी बोलत आलो आहे. गॅरेजचा परवाना माझ्या नावावर आहे. कायद्याने जी काही जबाबदारी गॅरेजवर येते ती चालक म्हणून माझी आहे, पगारी कारागिराची नाही, असे माझे म्हणणे आहे व ते मी कोणत्याही ठिकाणी, कोणासमोरही सांगेन.

हा जबाब टाइप होत असताना पहिल्या प्रतीत "हरेश तलरेजा याने गाडी परस्पर नेली" असे वाक्य आले होते. असे वाक्य राहिल्यास गॅरेजचा व कारागिराचा दोघांचाही बचाव होतो, मयत व्यक्तीला त्याने काही फरक पडत नाही, असे मला बाहेर एका ओळखीच्या वकिलांनी समजावले होते. मी मॅडमना सांगितले की, परस्पर म्हणजे न विचारता, न सांगता. हरेशने विचारण्यासाठी फोन केले. मी उचलले नाहीत. मग त्याने सांगून गाडी नेली. कोठे नेतो, कोणासाठी नेतो, नेण्याआधी काय पाहिले, सगळे सांगून नेली.

वरील जबाब मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. "परस्पर" हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडण्यात आला असून खोडलेल्या जागी माझी सही आहे. त्या जागी "मला सांगून" असे शब्द घातले आहेत. ते माझे आहेत व खरे आहेत. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही/-
(राजरत्न शंकर भालेराव)

समक्ष
सही/-
सहायक पोलीस निरीक्षक